एफवायला आलात? वही, वेळ आणि कागदपत्रं कशी सांभाळायची

यंदा माझी मावसबहीण एफवाय बीएस्सीला, म्हणजे डिग्रीच्या पहिल्या वर्षाला गेली. घर कळव्याला, कॉलेज नेरुळला, म्हणजे अगदी माझाच जुना रूट. पहिल्या पंधरा दिवसांतच रात्री साडेदहाला तिचा फोन आला, ताई अगं एवढं काय काय चालू आहे की कुठून पकडू तेच कळत नाहीये, एक मॅडम म्हणतात जर्नल (प्रॅक्टिकलची वही) आणा, ऑफिसवाले म्हणतात आयडी बनवा, ग्रुपवर रोज दोनशे मेसेज, आणि घरी पोचेपर्यंत सात वाजतात. मी तिला फोनवर अर्धा तास सांगत बसले आणि मग वाटलं की हे नीट लिहूनच काढावं, कारण ठाण्याहून नवी मुंबईला किंवा उलट जाणाऱ्या प्रत्येक एफवायच्या मुलामुलीचं जवळपास हेच होतं.

बारावीपर्यंत आपल्याला आठवण करून देणारं कोणीतरी असतं. क्लासचे सर असतात, आई असते, शाळेत तर डायरीवर सही लागायची. डिग्रीला आलं की हे सगळं एकदम बंद होतं, नोटीस बोर्डवर लागते, ग्रुपवर एकदा पडते आणि विषय संपला. फॉर्म भरला का असं विचारायला कोणी येत नाही. हुशार मुलं सुद्धा इथेच अडकतात, अभ्यासात कमी पडतात म्हणून नाही, तर तारीख निघून गेलेली असते म्हणून. माझं म्हणणं एवढंच आहे की लक्षात ठेवायचं काम डोक्याकडे ठेवू नका, ते कागदावर टाका, आणि वेळ ठरवताना प्रवास धरून ठरवा. खालचं सगळं या दोनच गोष्टींवर उभं आहे.

पहिलं काम: तास मोजा

टाइमटेबल बनवायच्या आधी हे करा, कारण बहुतेकांचं टाइमटेबल तिसऱ्या दिवशी का मोडतं तर ते नसलेल्या तासांवर बनवलेलं असतं. आठवड्याचे तास १६८. माझ्या बहिणीचा हिशोब सांगते, तुमचा तुम्ही असाच करा.

झोप रोज ८ तास, म्हणजे ५६. कॉलेज ६ तास, सहा दिवस, ३६. प्रवास: घरातून कळवा स्टेशन चालत पंधरा मिनिटं, तिथून स्लो पकडून ठाणे, पुलावरून गर्दीतनं वाट काढत ९-१० नंबर प्लॅटफॉर्मवर, मग ट्रान्स हार्बरची पनवेल गाडी, नेरुळला उतरून परत चालणं. गाडी वेळेवर असली तर सव्वा तास. येऊन जाऊन अडीच, सहा दिवसांचे १५. आंघोळ, जेवण, घरातली कामं मिळून रोज ३ तास, म्हणजे २१. सगळं वजा केलं की उरतात ४० तास, आणि त्यातले १३ एकट्या रविवारचे आहेत. कॉलेजच्या दिवशी हातात साडेचार तास, तेही तुकड्यातुकड्यात आणि दमलेले. म्हणून मी तिला सांगितलं की रोज पाच तास अभ्यास असं लिहूच नकोस, नीट बसून दीड-दोन तास धर आणि ते मनापासून कर.

तुम्ही घोडबंदर रोडला राहत असाल, कासारवडवली वगैरे, तर स्टेशनपर्यंत बसला किती लागतात ते एक आठवडा खरोखर लिहून बघा. अंदाजाने अर्धा तास म्हणतात लोक, आणि पावसाळ्यात ट्रॅफिक लागलं की तेच एक तास होतात. उलट वाशीत राहून वाशीतच कॉलेज असेल तर तुमच्याकडे रोजचे दोन तास जास्त आहेत, ते कुठे जातायत ते बघा.

रविवारी मेगाब्लॉक असतो हे पण धरा. रविवारी ग्रुप प्रोजेक्टसाठी भेटायचं ठरवलंत तर ब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते शनिवारीच बघून ठेवा, नाहीतर अर्धे जण येत नाहीत आणि प्रोजेक्ट पुढच्या रविवारवर जातो.

एकच वही

हातात मावेल, बॅगेच्या पुढच्या खणात राहील अशी छोटी वही घ्या. महागडा प्लॅनर नको. मोबाइलचं कॅलेंडर आवडत असेल तर तेच वापरा, पण एकच जागा ठरवा, अर्धं वहीत, अर्धं मोबाइलमध्ये आणि बाकीचं स्क्रीनशॉटमध्ये असं नको. मला स्वतःला वही बरी वाटते कारण तारीख बघायला मोबाइल उघडला की त्यात आणखी वीस गोष्टी दिसतात आणि ज्यासाठी उघडला तेच राहतं.

माझ्या एसवायला, म्हणजे दुसऱ्या वर्षाला झालेली गोष्ट सांगते. एक्झाम फॉर्मची नोटीस ग्रुपवर आली, मी स्क्रीनशॉट काढला आणि निर्धास्त झाले. तो स्क्रीनशॉट गॅलरीत खाली गेला. शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांनी मैत्रिणीने सहज विचारलं तेव्हा पोटात गोळा आला. लेट फी भरली, बाबांनी काही न बोलता पैसे दिले, आणि त्यांचं ते न बोलणं मला अजून आठवतं. त्या दिवसापासून माझा नियम आहे की स्क्रीनशॉट काढला तर पुढच्या पाच मिनिटांत ती तारीख वहीत उतरलीच पाहिजे.

लिहायचं कसं, तर प्रत्येक ओळीत तीन गोष्टी: काय करायचं, कोणाकडे द्यायचं, कधीपर्यंत. नुसतं "केमिस्ट्री असाइनमेंट" लिहिलं तर आठ दिवसांनी त्याचा अर्थच लागत नाही. "केमिस्ट्री असाइनमेंट २, चार प्रश्न, फुलस्केपवर हाताने, स्टाफरूममध्ये मॅडमकडे, शुक्रवार १२ च्या आत" असं लिहा. लेक्चर संपलं की सर वर्गाबाहेर पडायच्या आत ही ओळ लिहून व्हायला हवी. आणि काही कळलं नसेल तर तिथेच विचारा, ग्रुपवर विचारलं की पाच जण पाच वेगळ्या तारखा सांगतात.

ग्रुपबद्दल एक. गप्पांचा ग्रुप म्यूट करा, पण ज्या ग्रुपवर फक्त सीआर (वर्ग प्रतिनिधी) आणि टीचर टाकतात तो वर पिन करून ठेवा. ग्रुपवर आलेली तारीख नोटीस बोर्डवर किंवा कॉलेजच्या साइटवर एकदा ताडून घ्या, कारण जुन्या वर्षाची नोटीस फॉरवर्ड होते हे मी स्वतः पाहिलंय.

अख्खी सेम एका कागदावर

कॉलेज सुरू झालं की पहिल्या काही दिवसांत अकॅडमिक कॅलेंडर मिळतं किंवा साइटवर असतं. एक मोठा कार्डशीट घ्या, त्यावर जून-जुलैपासून दिवाळीपर्यंतचे आठवडे आखा आणि कपाटाच्या दारावर चिकटवा. त्यात इंटर्नलच्या तारखा, सबमिशन, प्रॅक्टिकल परीक्षा, थिअरी परीक्षा, फॉर्म भरायचे दिवस टाका. ज्या तारखा अजून आल्या नाहीत त्यांच्या जागी पेन्सिलीने गेल्या वर्षी साधारण कधी झालं होतं ते सीनिअर्सना विचारून लिहा, तारीख आली की पेनाने करा.

आता आपल्याकडची खरी अडचण गणपती. ठाण्यात, ऐरोलीत, घणसोलीत, कोपरखैरण्यात निम्मी घरं कोकणातली, पाच-सात दिवस गावाला जाणं ठरलेलं. आणि जावंच, मी तर म्हणते गणपती सोडून अभ्यास करत बसू नका, तसाही तो होत नाही. पण इंटर्नल आणि जर्नल सबमिशन बहुतेक वेळा त्याच्या आसपासच येऊन आदळतं. म्हणून कागदावर गणपतीचे दिवस आधी रंगवा, आणि त्यानंतरच्या दहा दिवसांत जे काही द्यायचं आहे ते निघायच्या आधी पुरं करायचं असं धरून उलटं मोजत या. उदाहरणार्थ प्रोजेक्टचा रिपोर्ट गणपतीनंतर सोमवारी द्यायचा असेल, तर स्पायरल बाईंडिंग निघायच्या दोन दिवस आधी, प्रिंट त्याच्या आदल्या दिवशी, सरांना कच्चा ड्राफ्ट दाखवणं त्याच्या एक आठवडा आधी. म्हणजे खरी डेडलाईन तीन आठवडे अलीकडे आली, हे कागदावर बघितल्याशिवाय कळतच नाही. आणि हो, रेल्वेचं रिझर्व्हेशन सध्या ६० दिवस आधी उघडतं, ती तारीख पण याच कागदावर टाका, घरचे खूश होतील.

जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक महिन्यात दोन-तीन दिवस पावसाने जाणारच असं धरा. मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की गाड्या थांबतात, हे काही नवीन नाही. त्यामुळे द्यायची गोष्ट शेवटच्या दिवशी घेऊन निघू नका, एक दिवस आधी द्या.

रात्रीची दहा मिनिटं, रविवारचा अर्धा तास

वही असून काही होत नाही, ती उघडली पाहिजे. यासाठी एक ठराविक वेळ लावा आणि ती रोजच्या एखाद्या कामाला बांधा. माझं जेवणानंतर ताट धुतलं की वही, असं होतं. दहा मिनिटांत चार कामं: आजच्या ओळी बघायच्या, झालेल्या खोडायच्या, उद्याच्या तीन गोष्टी वर लिहायच्या, आणि बॅग भरायची. बॅग रात्रीच भरा, सकाळी नाही. आयकार्ड, पास, लॅबकोट, जर्नल, कॅल्सी, छत्री, चार्जर, डब्याचा चमचा. सकाळी ६:४० ची गाडी पकडायची असेल तेव्हा जर्नल शोधण्यात गेलेली चार मिनिटं म्हणजे पुढची गाडी, आणि पुढची गाडी म्हणजे पहिलं लेक्चर.

तीनच गोष्टी लिहा असं मी मुद्दाम म्हणते. दहा लिहिल्या की चार होतात, सहा राहतात आणि रोज रात्री आपण नापास झाल्यासारखं वाटतं. असं आठ दिवस झालं की माणूस वही उघडायचंच सोडतो.

रविवारी सकाळी नाश्त्यानंतर अर्धा तास घ्या. भिंतीवरच्या कागदावरचे पुढचे दोन आठवडे बघा, त्यातून या आठवड्यात काय सुरू करावं लागेल ते वहीत आणा. द्यायचं कधी यापेक्षा सुरू कधी करायचं हे जास्त महत्त्वाचं आहे, ते लिहायची सवय लावून घ्या.

हजेरीचं गणित

मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांमध्ये ७५ टक्के हजेरी लागते आणि कमी पडली की नाव डिफॉल्टर लिस्टमध्ये येतं, मग आईबाबांना बोलावणं, अर्ज, हमीपत्र. हे टाळणं अगदी सोपं आहे पण आधी मोजावं लागतं. आता नव्या शैक्षणिक धोरणात सगळं क्रेडिटवर चालतं, थिअरीच्या एका क्रेडिटला साधारण १५ तास आणि प्रॅक्टिकलच्या एका क्रेडिटला ३०. म्हणजे तीन क्रेडिटचा पेपर असेल तर ४५ तास लेक्चर, त्यातले पाव म्हणजे ११ चुकले तर चालतात. या ११ मध्ये तुमचा ताप, गणपती, पावसाचे दिवस, मावशीचं लग्न सगळं बसवायचंय. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक विषयाच्या नावापुढे चुकलेल्या लेक्चरची एकेक उभी रेघ मारा. आठ रेघा झाल्या की सावध व्हा.

आजारी पडलात तर डॉक्टरचं सर्टिफिकेट परत आल्या आल्या द्या, सेमच्या शेवटी नाही. आणि त्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

याच क्रेडिटचा आणखी एक उपयोग आहे. चार क्रेडिटच्या विषयाला आणि दोन क्रेडिटच्या विषयाला सारखा वेळ देऊ नका. मुलं जो विषय आवडतो त्यालाच वेळ देतात, मी पण तेच करायचे, झूलॉजीची चित्रं रंगवत बसायचे आणि स्टॅट्स राहून जायचं.

नोट्स, जर्नल आणि गाडीतला वेळ

हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं आपण सगळ्यात जास्त पहिल्या एक-दोन दिवसांतच विसरतो, नंतर विसरण्याचा वेग कमी होतो. म्हणून लेक्चर झालं त्याच दिवशी वीस मिनिटं दिली तर ती परीक्षेच्या आधीच्या दोन तासांइतकी कामाला येतात असा माझा अनुभव आहे. फेअर नोट्स परत लिहून काढायच्या नाहीत, त्यात फार वेळ जातो. त्याच पानावर डाव्या बाजूला समासात दोन-तीन प्रश्न लिहा ज्यांची उत्तरं उजवीकडच्या नोट्समध्ये आहेत. मग उजळणी करताना नोट्स झाकायच्या आणि फक्त प्रश्न बघून उत्तर आठवायचं. अमेरिकेत २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हेच दिसलं, नुसतं परत परत वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवडाभराने जास्त लक्षात राहिलं. वाचताना सगळं येतंय असं वाटतं, झाकलं की कळतं काय येतं ते.

हे गाडीत छान होतं. ट्रान्स हार्बरची गाडी ठाण्यालाच सुरू होते, त्यामुळे दोन-चार मिनिटं आधी पोचलात तर बसायला मिळायची शक्यता बरी असते, आणि मग नेरुळपर्यंत सलग वेळ. समासातले प्रश्न वाचा, डोळे मिटा, उत्तर आठवा. तुर्भे येईपर्यंत एक लेक्चर होतं. उभं राहायला लागलं तर पुस्तक काढू नका, स्वतःच्याच आवाजात व्याख्या रेकॉर्ड करून ठेवा आणि ऐका, एका कानात. दरवाज्यात उभं राहून मोबाइलवर पीडीएफ वाचणारी मुलं मी रोज बघते आणि मला खरंच भीती वाटते, ते कृपा करून करू नका, कुठलीही परीक्षा एवढी मोठी नाही. आणि संध्याकाळी परत येताना डोळे मिटून झोपलात तरी चालेल, घरी आल्यावरचा दीड तास त्याने चांगला जातो.

जर्नलचं एकच सूत्र: प्रॅक्टिकल झालं त्याच आठवड्यात लिहायचं आणि पुढच्या प्रॅक्टिकलला सही घ्यायची. सर्टिफाईड जर्नल नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसताना अडचण येते हे सगळ्यांना माहीत असतं, तरी शेवटच्या आठवड्यात लायब्ररीच्या टेबलवर बारा बारा एक्सपेरिमेंट उतरवणारी गर्दी दरवर्षी असते. उतरवलेलं डोक्यात जात नाही आणि व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येतो. इंडेक्स पेजवर तारीख, पान नंबर आणि सहीचा रकाना पहिल्या दिवसापासून भरत राहा, कुठली सही राहिली ते एका नजरेत दिसतं.

घरी जागा नसते हे मला माहीत आहे. वन बीएचकेमध्ये पाच माणसं, टीव्ही चालू, धाकटा भाऊ. त्यासाठी कॉलेज सुटल्यावर एक तास तिथल्याच रीडिंग रूममध्ये बसून निघणं सगळ्यात चांगलं. शिवाय ठाण्यात स्टेशनच्या बाजूला वाचनाची जुनी परंपरा आहे, मराठी ग्रंथ संग्रहालय तर १८९३ पासूनचं आहे. तुमच्या वॉर्डात अभ्यासिका आहे का ते नगरसेवकाच्या ऑफिसमध्ये विचारा, बऱ्याच ठिकाणी असते आणि पोरांना पत्ताच नसतो.

कागदपत्रांची फाईल

हे आत्ताच करा, एका रविवारी दोन तास लागतील.

पारदर्शक पानांची एक फाईल घ्या. त्यात दहावी-बारावीच्या मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट, आधार, डोमिसाईल, आणि लागू असेल त्याप्रमाणे जातीचा दाखला, कास्ट व्हॅलिडिटी, नॉन क्रिमीलेयर, उत्पन्नाचा दाखला. प्रत्येकाच्या मागे तीन झेरॉक्स. पुढच्या खणात पासपोर्ट साइजचे दहा फोटो आणि फीच्या सगळ्या पावत्या. ओरिजिनल कागद घरातून बाहेर काढायचा असेल तर वहीत लिहा, कधी नेला, कुठे दिला, परत आला का. कॉलेजने ओरिजिनल ठेवून घेतलं तर पोच मागा.

दाखल्यांवर व्हॅलिडिटीची तारीख छापलेली असते, ती भिंतीवरच्या कागदावर टाका. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेयर हे आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून निघतात पण अ‍ॅडमिशनच्या दिवसांत तहसील कार्यालयात एवढी गर्दी असते की दाखला हातात यायला वेळ लागतो, त्यामुळे संपायच्या महिनाभर आधी अर्ज करा. कास्ट व्हॅलिडिटीला तर महिनोन् महिने लागू शकतात, ज्यांची राहिली आहे त्यांनी अजिबात थांबू नका.

स्कॉलरशिपसाठी महाडीबीटी पोर्टल. त्यात पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात येतात, म्हणून आधी बँकेत जाऊन विचारा की माझं खातं आधारला डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, लिंक आहे का. नुसतं केवायसी झालंय म्हणजे हे झालं असं नाही. फॉर्म भरल्यावर अर्ज कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथे अडकला असेल तर पोर्टलवर दिसतं, आणि तो तुम्ही स्वतः जाऊन हलवावा लागतो. दर पंधरा दिवसांनी स्टेटस बघायचं असं वहीत लिहून टाका.

एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट जमा होणारं तुमचं खातं, हा १२ आकडी नंबर असतो आणि डिजिलॉकरवरून बनतो. मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव वेगळं असेल, म्हणजे वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, आडनावाचं स्पेलिंग, तर ते आधी दुरुस्त करून घ्या. एफवायला हे सोपं असतं, टीवायला निकालाच्या वेळी फार मनस्ताप होतो. नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

रेल्वे कन्सेशन: कॉलेजच्या ऑफिसमधून फॉर्म मिळतो, तो तिकीट खिडकीवर दिला की पास अर्ध्या दरात. महिन्याचा काढू शकता किंवा तीन महिन्यांचा. तीन महिन्यांचा काढा, वर्षातल्या कितीतरी रांगा वाचतात. कन्सेशन ऑफिसची वेळ ठरलेली असते आणि बहुतेक ठिकाणी ती लेक्चरच्या मध्येच येते, म्हणून पास संपायच्या आधीच्या आठवड्यात कुठल्या ब्रेकमध्ये जायचं ते ठरवून ठेवा. पास संपलाय हे टीसीसमोर उभं राहिल्यावर कळू नये.

मोबाइलमधल्या फाइल्स, थोडक्यात

प्रत्येक सेमचं एक फोल्डर, त्यात विषयांचे फोल्डर. फाईलला नाव देताना विषय, काय आहे, तारीख एवढं टाका, "फायनल", "फायनल २", "नक्की फायनल" असं नको. ग्रुपवर आलेली पीडीएफ त्याच दिवशी त्या फोल्डरमध्ये हलवा, कारण काही दिवसांनी ती डाउनलोड होत नाही. रिपोर्ट ड्राइव्हवर एक, स्वतःला मेल केलेला एक. प्रिंट आदल्या संध्याकाळी घराजवळच काढा, सबमिशनच्या दिवशी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे अख्खा वर्ग उभा असतो.

पैशांचं पण त्याच वहीत, महिन्याला पास किती, प्रिंट-झेरॉक्स किती, कॅन्टीन किती एवढंच. यूपीआयने गेलेले वीस-तीस रुपये जाणवत नाहीत, महिन्याअखेरीला स्टेटमेंट बघितलं की समजतं.

मागे पडलात तर

पडणारच. ताप येतो, घरात काही होतं, एखादा आठवडा नुसता वाया जातो. तेव्हा राहिलेलं सगळं पहिल्यापासून भरून काढायचा हट्ट धरू नका, त्यात नवीन पण राहत जातं. आजची तारीख टाकून नवीन पान काढा. राहिलेल्या सगळ्या गोष्टी एकाखाली एक लिहा, लिहिताना घाबरायला होतं पण लिहा, डोक्यात त्या पन्नास वाटतात आणि कागदावर अकरा निघतात. मग त्यांना या क्रमाने घ्या: ज्यांची तारीख गेली की दार बंद होतं, म्हणजे फॉर्म आणि फी, त्या पहिल्या. मग सबमिशन, ज्यावर मार्क आहेत. मग आजपासून पुढची लेक्चरं वेळेवर. मागची लेक्चरं सगळ्यात शेवटी, रविवारच्या १३ तासांतून थोडी थोडी.

आणि टीचरना जाऊन भेटा. डेडलाईनच्या आधी जाऊन "सर, मी मागे पडलोय, बुधवारपर्यंत दिलं तर चालेल का" म्हटलं तर बहुतेक जण ऐकून घेतात, नंतर तोंड लपवत गेलात तर त्यांनाही काही करता येत नाही. खूपच जड वाटत असेल, झोप लागत नसेल, रडायला येत असेल तर कॉलेजमध्ये समुपदेशक असतात, त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा काही नाही, मी स्वतः गेले होते टीवायच्या पहिल्या सेमला आणि त्याचा मला उपयोग झाला.

सेम संपली की जर्नल, असाइनमेंट आणि नोट्स लगेच रद्दीत टाकू नका. निकाल लागेपर्यंत एका पिशवीत वर "सेम १" लिहून माळ्यावर ठेवा, एखादा विषय राहिला तर केटीला, म्हणजे तो विषय परत देताना, त्याच लागतात. आणि निकालानंतर फोटोकॉपी किंवा रीव्हॅल्युएशनच्या अर्जाला फार थोडे दिवस मिळतात, म्हणून निकाल बघाल त्याच दिवशी ती शेवटची तारीख शोधून नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.